आप्पाराव मास्तरांची वही

शुद्धलेखन चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत, माफी असावी. लिहिणाऱ्याची शाळा तिसरीतच सुटली. पण आष्टीच्या सुग्रीवाची गोष्ट कुणीतरी लिहून ठेवायला हवी, म्हणून धीर केला.

सुग्रीव म्हशी राखायचा. त्या काळी आमच्याकडं सरकारी शाळेत सगळं उर्दूत, म्हणून मराठी वाचायला तो आप्पाराव मास्तरांकडे शिकला. मास्तर गाडीवानाकडून नगरहून पुस्तकं आणवीत आणि वाचायला फुकट देत. अट एकच. पुस्तक परत करताना समोर बसायचं आणि ते कसं वाटलं ते सांगायचं. मास्तर ते वहीत उतरवून घेत. बोलणं आवडलं की तपकिरीच्या डबीवर दोनदा टिचकी मारत.

सुग्रीव लाजरा. पुस्तक उंबऱ्यावर ठेवून पळायचा. अशी दोन झाली. तिसऱ्याच्या वेळी नक्की सांगीन, असं मनाशी म्हणत होता, तोवर मानमोडीची साथ आली आणि मास्तर गेले.

सहा महिन्यांनी, वैशाखातल्या भर दुपारी, ते तिसरं पुस्तक परत करायला तो निघाला. मास्तरांच्या पत्नी सावित्रीबाई ओसरीवर बसल्या होत्या.

"ठेव तिथं. उद्या वाणी येणार हाय. समदी पुस्तकं पुड्या बांधायला देते."

सुग्रीवानं पुस्तक हातातच ठेवलं. "कावून, काकू?"

"रोज या वक्ताला आत पानं उलटतात. वारा न्हाई, मांजर न्हाई. अन् उलटतात कोणती? तू टाकून पळालास ती दोनच." त्यांचा आवाज खाली आला. "जाताना सुदिक विचारत होते... सुग्रीव आला का म्हणून. आता मला सोसत न्हाई रे."

सुग्रीवानं त्या उंबऱ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "मी बसू आत?"

"बस. आवाज थांबला तर ठेवीन पुस्तकं. न्हाईतर उद्या वाणी."

उन्हातून आत गेल्यावर डोळ्यांपुढं नुसता काळोख. जुन्या कागदाचा वास. त्याखाली तपकिरीचा, ताजा. फडताळात पान उलटलं. सर्र... आणि थांबलं. कुणीतरी मान वर करून पाहावं, तसं.

सुग्रीवाचा एक पाय दाराकडं वळला होता. त्यानं तो मागं घेतला आणि खाली बसला.

"मास्तर... ती राजकन्येची कादंबरी. चाळीस पानं रडते ती. लई ग्वाड रडते. पण त्या राजवाड्यात म्हशीची धार कोण काढतं, ते लिहिणाऱ्याला ठावंच न्हाई."

मग अंधारातून, टक्. टक्.

अंगावर सर्रकन काटा आला. पण जीभ मात्र सुटली.

"ते गुरांच्या रोगांचं... फुगलेली म्हैस निजवून ठेवा म्हणतो! मरंल की ती. तिला उभी ठेवावी लागती, चालवावी लागती. त्या बाबानं जनावराला हात लावलेला न्हाई, मास्तर."

टक्. टक्. या वेळी अगदी जवळून. समोरची सतरंजी कुणी मांडी घालावी तशी दबली.

सुग्रीव आता मागं सरला नाही. हातातलं पुस्तक त्यानं छातीशी धरलं. "अन् ही काशीयात्रा. बैल नदीत बुडतो, अन् गाडीवान तीन दिस बोलत न्हाई. तिथं मी पुस्तक मिटलं अन् म्हशीपाशी जाऊन बसलो. ह्ये खरं हाय. तुमाला सांगायला येणारच हुतो... पण तुमी..."

टिचकी आली नाही. आली ती कागदावरच्या बोरूची कुरकुर. बराच वेळ. मग खोली रिकामी झाली. ते त्याला नुसतं कळलं.

तो बाहेर आला तेव्हा त्याची मान ताठ होती. सावित्रीबाई पदरानं डोळे पुसत हसत होत्या. "बोललास रे पोरा! वाण्याला म्हणावं, गूळ इक तुझा पळसाच्या पानात."

त्यांनी कुलूपबंद पेटीतून वही काढली. सुग्रीवाचं बोलणं शब्दन् शब्द, मास्तरांच्या अक्षरात. शाई बोटाला लागली. खाली लिहिलं होतं: 'सुग्रीव. पुढचं पुस्तक.' आणि एक नाव. त्या नावाचं पुस्तक फडताळात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशी सोडायच्या आधी सुग्रीव नगरच्या वाटेवर जाऊन उभा राहिला. गाडी आली. त्यानं तोंड उघडायच्या आत गाडीवानानं पुडकं पुढं केलं.

"घे. तुझ्याच नावाचं हाय."

त्यानं दोरा सोडला. वहीत लिहिलेलं तेच पुस्तक. पहिल्या कोऱ्या पानावर तपकिरीनं माखलेल्या अंगठ्याचा ठसा होता. सुग्रीवानं तो नीट पाहिला, पान उलटलं, आणि भर रस्त्यात, खणखणीत आवाजात वाचायला लागला.