न गेलेल्या माणसाची हजेरी

"तुमचा अर्ज घेता येणार नाही," चाळणीबाई म्हणाल्या. "परत यायचं तर आधी जावं लागतं. तुम्ही गेलेलेच नाही."

टेबलापलीकडच्या माणसाने खांद्यावरची पिशवी हळूच खाली ठेवली.

"गेलो होतो, बाई. बारा वर्षं. मायदेशी आई अंथरुणाला खिळली होती. मी एकटाच मुलगा."

"आमच्या वहीत तुम्ही बारा वर्षं इथेच आहात."

परतीच्या अर्जांची पडताळणी हे चाळणीबाईंचं काम. त्यांच्या हातून गेलेल्या कागदात खडा राहत नाही म्हणून कचेरीने त्यांना हे नाव ठेवलं होतं. नाव त्यांच्या कानावर आलं होतं, आवडलंही होतं. फक्त तसं त्या कुणाला कळू देत नसत.

नियम सोपा होता, म्हणजे तीन पानांत मावत होता. कायम रहिवासी दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिला की त्याचा परवाना जातो. परत मिळवायचा तर दोन गोष्टी सिद्ध करायच्या: राहणं नाइलाजाचं होतं, आणि इथलं घर मोडलं नव्हतं. जे कुठेच जात नाहीत, त्यांनी वर्षातून एकदा प्रभाग कचेरीत जाऊन हजेरीच्या वहीत सही करायची.

वहीत या माणसाच्या बारा सह्या होत्या. शेवटची अकरा आठवड्यांपूर्वीची.

"माझ्या पासपोर्टवर शिक्के आहेत ना!"

"शिक्क्यांचं खातं वेगळं. त्यांचं आमच्याशी बोलणं नाही." चाळणीबाईंनी सह्यांवरून बोट फिरवलं. "वहीतला माणूस खरा निघाला तर तुम्ही तोतया. लगेच मायदेशी पाठवणी."

"आणि तो खोटा निघाला तर?"

"तर तुम्ही बारा वर्षं गैरहजर."

"म्हणजे दोन्हीकडून मीच मेलो."

"नियम तसाच बांधलेला आहे. पुराव्याचे कागद द्या."

त्याने आईच्या औषधपाण्याच्या कागदांचा जाड गठ्ठा दिला. पाच वर्षांचे कागद होते. सगळ्यात अलीकडचा सात वर्षांपूर्वीचा. चाळणीबाईंनी ते पाहिलं आणि गठ्ठा होता तसा बांधून ठेवला.

"तुमची खोली बघू या," त्या म्हणाल्या.

खोली एका पुस्तकबांधणीच्या कारखान्याच्या वर होती. जाण्याआधी हा माणूस याच कारखान्यात बांधणीकार होता. कारखाना आणि वरची खोली, दोन्हींच्या मालकीणबाई खाली एकट्याच बसल्या होत्या, एका जाड ग्रंथाची पानं शिवत. साठीच्या आसपास, अंगाने दणकट, विधवा. त्यांनी मान वर केली.

"आलास?" एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा सुईकडे वळल्या.

बारा वर्षांनी दिसलेल्या माणसाचं हे स्वागत चाळणीबाईंना जरा आखूड वाटलं.

"याला शेवटचं कधी पाहिलंत?"

"रोजच तर असतो तो. वरच राहतो."

बांधणीकाराच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "बाई, काय बोलताय तुम्ही?"

मालकीणबाईंनी दाताने दोरा तोडला.

जिना चढून त्याने स्वतःच्या किल्लीने दार उघडलं, आणि उंबऱ्यातच थबकला.

खोलीत कुणीतरी राहत होतं. पलंगावरची चादर ताणून घातलेली. भिंतीवरचं घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं. कॅलेंडरवर चालू महिना. खिडकीशी खुर्ची आणि खुर्चीच्या पाठीला त्याचा जुना कोट, खांदे भरलेले, जणू मालक नुकताच पाणी प्यायला उठलाय. दाराशी त्याच्या सपाता जोडीने, बाहेर निघाल्यासारख्या.

"मी हे असं ठेवून गेलो नव्हतो," तो कुजबुजला. "कोट मी ट्रंकेत घातला होता."

चाळणीबाईंनी खुंटीवरच्या टॉवेलला हात लावला. ओला होता. मोरीतला साबण उचलला. त्याला आरपार भेगा पडल्या होत्या, वाळक्या मातीसारख्या. मग त्यांनी सपाता उलट्या करून तळवे पाहिले, आणि जागच्या जागी ठेवल्या.

"कुणी आहे का इथे?" बांधणीकाराने विचारलं. त्याने ते चाळणीबाईंना विचारलं की कोटाला, हे सांगणं कठीण होतं.

समोरच्या इमारतीत एक निवृत्त मास्तर राहत होते. त्यांची खिडकी बरोबर या खिडकीसमोर.

"हो तर! रोज संध्याकाळी बसतो की खिडकीत. पाठमोरा. मी हात करतो."

"तो हात करतो का?"

"नाही. पण शेजारी म्हणून चांगला आहे. बारा वर्षांत एकदाही भांडला नाही." मास्तरांनी चष्मा पुसला आणि चाळणीबाईंच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. "हे कोण?"

बांधणीकार समोरच्या खिडकीकडे बघत राहिला.

उरली प्रभाग कचेरी. तिथला हजेरीचा कारकून दुधी काचेच्या खिडकीमागे बसे. काचेला खाली एक फट. त्या फटीतून वही बाहेर सरकायची, सही झाली की आत यायची.

"तुम्ही माणसाचा चेहरा बघत नाही?" चाळणीबाईंनी विचारलं.

"चेहरे रोज बदलतात, मॅडम," आतून आवाज आला. "कुणी दाढी ठेवतो, कुणी काढतो. तीस वर्षं मी हात बघून हजेरी लावतोय. एकदा चुकलो नाही."

"या बांधणीकाराचा हात आठवतो?"

"आठवतो म्हणजे काय! अंगठ्याजवळ घट्टा. नखांत वाळलेली खळ. पहिल्या बोटाला सुईची भोकं. अस्सल कामगाराचा हात. सही करून गप निघून जातो, माणूस एका शब्दाचा खर्च नाही करत."

"त्यांना हात पुढे करायला सांगते."

बांधणीकाराने फटीतून हात आत घातला. आतल्या बोटांनी तो उलटसुलट करून चाचपला.

"हा तो नव्हे," कारकून म्हणाला. "हा तर मऊ हात आहे. कोण तोतया पकडलात, मॅडम?"

बांधणीकाराने हात ओढून घेतला आणि तो आपलाच आहे ना, याची खात्री करत बसला.

"मीच नसेन तर?" बाहेर पायरीवर तो म्हणाला. "खोली त्याची. मास्तरांना तो ओळखीचा. कामाचा हातही त्याच्याकडे. मी जायचा तो गेलो, आणि उरलेला इथे राहिला असेल, बाई."

"तुमची सही करा इथे." चाळणीबाईंनी सोबत आणलेली हजेरीची वही पुढे केली.

त्याने केली. शेवटचं अक्षर थरथरत खाली घसरलं. चाळणीबाईंनी ती जुन्या बारा सह्यांशेजारी धरली आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या, अगदी थोडं.

"चला. मालकीणबाईंकडे जाऊ."

कारखान्यात चाळणीबाई एका स्टुलावर बसल्या. मालकीणबाईंचं शिवण चालूच होतं. बांधणीकार दाराशी उभा राहिला, पाहुण्यासारखा.

"वर कुणी राहत नाही," चाळणीबाईंनी सुरुवात केली. "राहत असल्याचं दिसावं, अशी सोय आहे. टॉवेल रोज ओला होतो, पण साबणाला कित्येक वर्षांत पाणी लागलेलं नाही. माणूस टॉवेल वापरतो तो अंग धुतल्यावर. सपातांच्या तळव्यांना धूळसुद्धा नाही. मास्तरांना दिसतो तो कोट, त्याच्या बाह्यांत रद्दी कोंबलेली आहे."

"मग सह्या?" बांधणीकाराने विचारलं.

"बारा वर्षांत तुमची सही म्हातारी झाली. वहीतली झाली नाही. बाराही सह्या एका साच्यातल्या. एकाच जुन्या नमुन्यावरून बेतलेल्या. तो नमुना कारखान्याच्या जुन्या हजेरीपटात असणार. आणि खोलीची दुसरी किल्ली कुणाकडे?"

"घरमालकिणीकडे. म्हणजे..." तो थांबला.

"खिडकीमागे चेहरा दिसत नाही. हवा होता फक्त बांधणीच्या कामाने घडलेला हात. दणकट, घट्टे पडलेला. तो बाईचा आहे हे कारकुनाला तीस वर्षांच्या अनुभवामुळे कळलं नाही. अनुभव नसता तर त्याने वाकून बघितलं असतं." चाळणीबाई वळल्या. "मालकीणबाई, हात दाखवता का?"

मालकीणबाईंनी सुई ठेवली. पण हात दाखवला नाही, मांडीवर दुमडून घेतला.

"सह्या माझ्याच आहेत!" बांधणीकार एकदम म्हणाला. "मी इथेच होतो. लिहून घ्या, बाई. अर्ज मागे घेतो. त्यांना यात ओढू नका."

"गप रे," मालकीणबाई म्हणाल्या. "करायची तर नीट लबाडी करावी. तुझा हात बघितलाय त्यांनी." मग चाळणीबाईंना, "मीच केल्या. जाताना म्हणाला, तीन महिन्यांत येतो. हजेरीचे दिवस आले, हा नाही. एक वर्ष करू म्हटलं, परवाना तरी जायला नको. एकदा केली की पुढच्या वर्षी न करणं म्हणजे हा आता येत नाही, असं आपणच लिहून दिल्यासारखं."

"आणि खोली?"

"सह्या करणारा माणूस कुठेतरी राहायला नको? लोक विचारतील." त्यांचा आवाज खाली गेला. "पुढे पुढे लोकांसाठी नव्हतं ते. वर गेलं की बरं वाटायचं. दिवसभरात कोण काय बोललं, ते सांगायचे मी कोटाला."

बांधणीकाराने तोंड फिरवलं होतं.

"एक खडा राहिलाय," चाळणीबाई म्हणाल्या. त्यांचा सूर कोरडाच होता, पण त्या जरा सावकाश बोलल्या. "बांधणीकार, तुमच्या आई सात वर्षांपूर्वी गेल्या. पाच वर्षं नाइलाज होता. पुढची सात?"

मालकीणबाईंनी झटकन त्याच्याकडे पाहिलं. हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"परवाना गेला असणार असं धरून चाललो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "विचारायचं धाडस झालं नाही. इथे कुणी वाट बघत नसेल, तर ते कळायलाच नको, असं वाटायचं. न विचारता सात वर्षं निघाली."

"एक पत्र टाकायचंस," मालकीणबाई म्हणाल्या.

"तुम्ही तरी कुठे टाकलंत?"

"मी कशाला टाकू? माझ्या लेखी तू वरच होतास."

चाळणीबाईंनी अहवाल तिथेच लिहायला घेतला. बाराही सह्या रद्द. मालकीणबाईंवर खोट्या सह्यांची सुनावणी. शिक्षा होऊ शकेल, ती कितीची हे ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं. अर्जदार बारा वर्षं गैरहजर. पाच वर्षं नाइलाज. उरलेल्या सातांसमोर त्यांनी 'भीती' असं लिहिलं. छापील कारणांच्या यादीत ते नव्हतं, म्हणून समासात लिहावं लागलं.

"घर मोडलं नव्हतं, हे मात्र सिद्ध होतं," त्या म्हणाल्या. "घर कुणी राखावं, हे नियमात लिहायचं राहून गेलंय. त्या एका मुद्द्यावर एका वर्षाची तात्पुरती मुभा मिळेल. दर महिन्याला माझ्यासमोर यायचं. स्वतः. वर्षाने निकाल."

"आणि बाईंची सुनावणी?"

"पुढच्या महिन्यात. सोबत कुणाला आणायची परवानगी असते."

"मी जाईन," तो म्हणाला. मालकीणबाईंनी सुई पुन्हा उचलली.

चाळणीबाई गेल्यावर बांधणीकार वर आला. बसावं कुठे, हे त्याला सुचेना. पलंग दुसऱ्याचा वाटत होता. खुर्चीत कोटातला तो आधीच बसलेला होता: कमी बोलणारा, कधी कुठे न गेलेला, रोज संध्याकाळी घरी असणारा माणूस. याच्याशी आपला टिकाव कसा लागायचा, असा विचार करत तो मधोमध उभाच राहिला.

जिन्यावर पावलं वाजली. वर आली आणि दाराशी थांबली.

मालकीणबाई बारा वर्षं या खोलीत सरळ आत येत होत्या. आज त्यांनी दारावर टकटक केली.

त्याला उत्तर द्यायला वेळ लागला. त्या बाहेर थांबून राहिल्या.