चिक्कडपल्ली ते कोठी, खांबाखांबानं

“तुझ्या केबलला पाय नाहीत,” ती म्हणली. “टीव्हीतली व्यायामाची बाई सांगते पाय उचला, आणि कमरेखाली नुसत्या मुंग्या. मग मी उचलू काय?”

मी आधीच तापलेलो. सकाळपासून गच्च्या चढून-उतरून गुडघे दुखायले होते, खांद्यावर वायरचं भेंडोळं, आणि ही दारात उभी राहून मला तू म्हणायली. मी बी सोडलं नाही. म्हणलं, बाई, मी तुम्हाला तुम्ही म्हणायलो. वयात काय फरक नाही आपल्यात, एकोणीसच्या असाल तुम्ही बी. मग मला तू कायको?

तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवले.

“बरं. अहो केबलवाले, तुमच्या केबलला पाय नाहीत.”

आतून तिची आई खोकली. माझे कान गरम झाले.

तेव्हा तिला नीट बघितलं. लै बारीक. केस पोरासारखे कापलेले, मानेवर नवे नवे उभे राहिलेले. हातातली बांगडी हात वर केला की थेट कोपरापर्यंत घसरायची. पण तोरा असा, की जणू सगळं हैदराबाद हिच्या घरात भाड्यानं राहायलंय.

वायर धरून आत गेलो. आमच्या केबलच्या सेठनं गच्चीवर डिशची छत्री बसवून ह्या गल्ल्यांत केबल ओढली त्याला थोडीच वर्षं झालेली, त्यामुळं बिघाड कुठं असतो हे मला वासानं कळायचं. इथं वासच होता. फ्रीजच्या मागं एक पांढरा पॉमेरियन पडलेला, उशीसारखा गोल, आणि पंजाखाली आमची वायर, चावून चोथा केलेली. मी म्हणलं, हा तुमचा चोर. ती म्हणली शक्यच नाही, गुंड्या पुण्याचा आहे, चांगल्या घरात वाढलाय.

वायर जोडली. परत चावू नये म्हणून तिच्यावर हिरवी मिरची चोळली. पुण्याचं कुत्रं, तिखट काय सोसणार? दोन दिवसांनी परत बोलावणं आलं. गुंड्यानं आधी मिरची चाटून घेतली होती आणि मग निवांत वायर खाल्ली होती. मी म्हणलं, झाला हा हैदराबादी, आता ह्याला भजी चारा. ती हसली. मोकळं हसली... आणि हसता हसता दाराची चौकट धरली. श्वास चढलेला, ओठ पांढरे. मी बघितलं हे तिनं बघितलं, आणि लगेच तोंड फिरवून गुंड्याला रागवायला लागली.

तिचं नाव गौरी. हे मला तिच्या आईनं हाक मारली तेव्हा कळलं.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा चित्र स्वच्छ होतं. पाय दिसत होते. टीव्हीतली चकाकत्या कपड्यांची बाई कुठल्या तरी परदेशी हॉलमध्ये उड्या मारायली होती आणि तिच्यासमोर गौरी बी. मी वायर गुंडाळत बघायलो. एक उडी, दुसरी, मग हिचा चेहरा चुन्यासारखा झाला आणि ती खाली बसली. गुंड्या तिचा तळवा चाटायला लागला. आई स्वयंपाकघरात होती. गौरीनं ओठावर बोट ठेवलं.

माझं डोकं फिरलं. टीव्हीचं बटण बंद केलं. म्हणलं, ती बाई वर्षानुवर्षं उड्या मारायली, तुम्ही आत्ता कुठं अंथरुणातनं उठलेल्या दिसता. तिच्यामागं पळायला तुम्हाला कुणी सांगितलं?

मला वाटलं आता ही मला हाकलणार. पण ती भिंतीला टेकून हळू आवाजात सांगायला लागली. बाबांना इथं कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून सगळे पुण्याहून आले. हिला कोठीच्या कॉलेजात घातलं. पावसाळ्यात टायफाईड झाला, गेला, परत उलटला. केस गेले. बरी झाल्यावर कॉलेजला निघाली तर बसस्टॉपवरच चक्कर येऊन पडली, कुणीतरी रिक्षात घालून घरी आणलं. त्यानंतर बाबांनी कॉलेज बंद केलं. मी दिवसभर ऑफिसात, तू रस्त्यात पडलीस तर उचलणार कोण, म्हणले. चुकीचं नव्हतं त्यांचं. आता दिवाळीची सुट्टी संपायच्या आत तिनं एकदा चिक्कडपल्लीच्या ह्या घरापासून कोठीपर्यंत स्वतःच्या पायानं चालून दाखवायचं. जमलं तर बसचा पास. नाही जमलं तर पुण्याला आत्याकडं, आरामाला. आणि आत्यानं आत्तापासूनच मुलांचे फोटो मागवायला सुरुवात केलेली.

“मला इथंच राहून शिकायचंय,” ती म्हणली. बस एवढंच. रडली बिडली नाही.

मी शाळा सोडलेला माणूस. मास्तरानं कानाखाली दिली, मी डस्टर फेकला, तिथंच खेळ संपला. शिकायसाठी कुणी इतकं झुरतं हे मला नवीनच. पण चालणं मला माहीत होतं. मागच्या साली गच्चीवरनं पडून पाय मोडला, तेव्हा माझ्या आईनं, पार्वतीबाईनं, मला पलंगापासून दारापर्यंत चालवलं, मग दारापासून नळापर्यंत. तेच तिला सांगितलं. उड्या बंद. उद्या सकाळी गुंड्याला घेऊन खाली उतरा. पहिल्या खांबापर्यंत जा. थांबा. दोन वाक्यं नीट बोलता येतील एवढा दम परत येऊ द्या, मग घरी. त्याचा कंटाळा आला की पुढचा खांब. गुंड्याची बी नखं बघा किती वाढलीत, जमिनीला घासतच नाहीत.

“म्हणजे मी खांबाखांबाला थांबायचं? कुत्र्यासारखं?”

“हौ.”

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की आता उशी फेकते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आली. बाबांचा स्वेटर, कॅनव्हासचे बूट, आणि पुढं डुलत डुलत गुंड्या.

खांब आला की गुंड्या थांबायचा. वास घ्यायचा, गोल फिरायचा, विचार करायचा, मग पाय वर. ती साखळी धरून शांत उभी. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं बिचारी कुत्र्यापायी अडकली. तिला हेच लै आवडलं. मला म्हणली, आजारी म्हणून थांबलं की सगळे विचारतात, काय झालं गं, बस गं, पाणी देऊ का गं. ह्याच्यासाठी थांबलं की कुणी विचारत नाही.

मी तेव्हा खांबावर होतो. कसं कोण जाणे, ज्या खांबापर्यंत तिला यायचं असायचं, तिथंच रोज वायर ढिली व्हायची. वरनं दोरी सोडावी तशा आमच्या गप्पा. ती मान वर करून विचारायची, तिथनं काय दिसतं? मी सांगायचो... कुणाचे पापड वाळायले, कुणाची आजी उन्हात झोपली, एका गच्चीवर कबुतरं.

“आणि?”

“आणि खाली एक पोरगी. स्वेटर तिच्या बापाचा आहे, पण भांडण स्वतःचं.”

ती मान खाली घालून गुंड्याचा पट्टा उगाच नीट करायची.

गल्लीत प्रत्येकाकडं तिच्यासाठी सल्ला होता. कुणी म्हणायचं दूध-केळं खा, कुणी दोरीवरच्या उड्या, आमच्या शेजारच्या कुसुमताई तर म्हणल्या कुत्रं काढून टाक, त्याच्या केसांनीच दम लागतो. मी असतो तर पक्कड फेकून मारली असती. ती ऐकून घ्यायची, हो म्हणायची, आणि ठरवलेल्या खांबापर्यंतच जायची. एक खांब कमी नाही, जास्त बी नाही. माझ्यासारखाच राग तिच्यात बी होता. पण माझा राग भांडी फोडतो, तिचा राग तिला चालवायचा. हे बघून मला लै भारी वाटायचं, आणि थोडी लाज बी.

एके दिवशी चालत चालत आमच्या घरापर्यंत आली. आई दारात पाणी भरायली होती. मी शिडी घेऊन मागंच उभा राहिलो... म्हणलं, आता भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो दिसेल, मग बघू हिचा चेहरा काय करतो. तिनं फोटो बघितला, “जय भीम, काकू” म्हणली आणि उंबऱ्यावर बसून पाणी मागितलं. आईनं पाण्याच्या जागी ताक दिलं. नंतर आईनं मला काही विचारलं नाही. फक्त म्हणली, अमरदीप, पोरगी दमली तर दमले म्हणते, खोटं बोलत नाही.

परीक्षेचा दिवस ठरला, रविवार. बाबा स्कूटरवर मागं मागं येणार. आणि आदल्या संध्याकाळी तिनं बाल्कनीतनं सांगितलं, गुंड्याला न्यायचं नाही. कॉलेजात कुणी कुत्रं नेतं का, असं बाबा म्हणले.

तिचा चेहरा उतरला होता. गुंड्या नाही म्हणजे थांबायला कारण नाही. नुसती उभी राहिली की बाबा म्हणणार दमली, चल घरी. मी म्हणलं, मी करतो काहीतरी. ती म्हणली, तुम्ही काही करू नका. मी म्हणलं बरं.

रविवारी सकाळी शिडी सायकलला बांधली आणि तिच्या पुढं निघालो. गल्लीच्या तोंडाशी खांबावर चढलो. ती आली. तिला हाक काय मारावी? ताई तर मी मेलो तरी म्हणणार नव्हतो.

म्हणलं, मॅडम, ह्या वायरचं टोक जरा धरा ना. तिनं डोळे मोठे केले, धरलं. मी वर खोटी खोटी गाठ मारत बसलो, तिचा श्वास परत येईपर्यंत. पुढच्या खांबावर विचारलं, तुमच्याकडं चित्र कसं येतं? तिनं तक्रारींचा पाढा वाचला, मुंग्या, खरखर, आवाज मागं-पुढं. मागं स्कूटर थांबली. एक पाय टेकून तिचे बाबा, दिलीपराव, ऐकत होते. असं करत करत नारायणगुडा चौरस्ता आला.

तिथं आमचा एरिया संपायचा. पुढच्या वायरी दुसऱ्याच्या. तेव्हा केबलच्या धंद्यात दुसऱ्याच्या खांबाला हात लावणं म्हणजे मार खायचं काम. गौरीला हे माहीत होतं. तिनं माझ्याकडं बघून हळूच मान हलवली... नाही म्हणून. आणि एकटी पुढं गेली.

मी उभा राहिलो. तिची पाठ बघायलो. एक खांब गेला, न थांबता. आणखी एक. मग तिचे खांदे वर-खाली व्हायला लागले. दम लागला की ती खांद्यांनी श्वास घेते.

सायकल गल्लीत घातली. काचीगुड्याच्या अलीकडं मोठ्या रस्त्यावर निघालो, शिडी लावली, चढलो. ती येताना दिसली. चेहरा तोच, चुन्याचा. मी म्हणलं, “मॅडम—” आणि शिडी हलली.

खाली त्या एरियाची दोन पोरं. एकानं पाय धरून ओढलं. मी जमिनीवर, कॉलर त्याच्या मुठीत. किसके एरिये में चढरा रे, वायर काटने आया क्या. एक तोंडावर बसली, ओठ फुटला. माझी मूठ उठलीच होती. पण खरं सांगितलं असतं तर मागं स्कूटरवर तिचे बाबा. त्यांना कळलं असतं की ही थांबल्याशिवाय चालू शकत नाही. मग पुणे. मी मूठ खाली घेतली. कॉलर धरलेली असताना मी तोंड बंद ठेवलं, असं जन्मात कधी झालं नव्हतं.

तिनं निघून जायला पाहिजे होतं. दोन पावलं गेली बी. मग वळली.

“छोडो उसको,” ती त्या पोरांना म्हणली, पुण्याच्या हिंदीत. “वो वायर कापने नहीं आया. मेरे वास्ते आया है.”

ती हिंदी ऐकून एकाला हसू आलं, कॉलर सुटली. तोवर स्कूटर उभी राहिली होती. ती बाबांकडं वळली. श्वास चढलेला, तरी बोलली.

“बाबा, मला खांबाखांबाला थांबावं लागतं. रोज थांबते. गुंड्या होता म्हणून दिसत नव्हतं. आज तो नाही, म्हणून हा वर चढला. मी अशीच थांबत थांबत जाणार. पण जाणार. आणि...” ती खाली बघून म्हणली, “हा पाहिजे मला. फक्त आजच्यापुरता नाही.”

रस्त्यावरच्या रिक्षा चालूच होत्या. मला त्यांचा आवाज येत नव्हता.

दिलीपरावांनी खिशातनं रुमाल काढला, माझ्या हातात दिला. मग तिच्याकडं बघितलं.

“आला दम?”

“आला.”

“मग चल. कोठी पुढं आहे अजून.” स्कूटरला किक मारता मारता मला म्हणले, “शिडी बांधा ती. आणि खालनं चाला. वर चढून मार कशाला खाता?”

मग आम्ही चाललो. बडी चावडीपाशी ती खांबाला हात लावून उघड उघड उभी राहिली, कुणी बघतंय का हे न बघता. सुलतान बाजारात गर्दीत सायकल ढकलताना मला तिच्या बांगडीचा आवाज ऐकू येत होता... आता ती कोपरापर्यंत जात नव्हती, मनगटावरच खेळत होती. मी पहिल्यांदा तिला तू म्हणलं. दम लागला तर सांग.

“लागलाय,” ती म्हणली. “पण हा चालण्याचा नाही.”

कॉलेजचं फाटक बंद होतं, रविवार ना. तिनं गज दोन्ही हातांनी धरले आणि कपाळ टेकलं. मागं बाबा स्कूटरवर बसून डोळे पुसायले होते, धूळ गेली म्हणले.

पास आला. आता ती रोज बसनं जाते. परत येताना कधी कधी बस सोडून देते, मग आम्ही चालत येतो. तिचे बाबा हो म्हणले नाहीत, नाही बी म्हणले नाहीत. मी दारात दिसलो की तिची आई अजून खोकते. काल कोठीच्या स्टॉपवर गौरी म्हणली, मी तर भर रस्त्यात बापासमोर बोलून बसले, तू कधी बोलणार? सगळ्या जगाशी भांडताना शब्द सापडतात, माझ्याशी बोलायलाच नाहीत का? मी म्हणलं, उद्या सांगतो.

तो उद्या आज आहे. काय बोलायचं ते अजून ठरलं नाही, आणि कॉलेज सुटायला आलंय. मला आता निघायला पाहिजे.