होडीतली ऊब

आम्ही निघालो होतो ते बटाटे पोचवायला. साल्मेमावशी वॉर्म्सी बेटावर एकटी राहते, आणि बर्फ पडायच्या आत तिच्या तळघरात बटाट्याची पोती जाऊन पडली पाहिजेत, हा आमच्या घरचा नेम. एरवी पोती फेरीबोटीतून जायची. त्या वर्षी माझा धाकटा भाऊ तोइवो म्हणाला, "आपल्या होडीतून नेऊ."

"नोव्हेंबरात? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"उन्हाळ्यात काय गं, बदकंसुद्धा पोहतात!"

मी कबूल झाले. त्याची बायको मार्यू गेल्यापासून हा माणूस खिडकीपाशी लाकडासारखा बसून असायचा. मग त्यानं कुठूनशी ही जुनी, छोटी शिडाची होडी विकत आणली आणि ठरवलं, की हिला हिवाळ्यातसुद्धा सुखानं फिरता येईल अशी करायची. काम सुरू झालं आणि तो पुन्हा शिट्टी वाजवायला लागला. शिट्टी वाजवणाऱ्या माणसाला कोण अडवणार?

आणि केलीही त्यानं छान. आतून सगळीकडे बुचाचे जाड तक्ते चिकटवले, म्हणजे पाण्याचा गारठा आत झिरपायला नको आणि भिंतींना घाम फुटायला नको. खिडक्यांना दुहेरी काच. डोलकाठीशेजारी हातभर उंचीची लोखंडी शेगडी, तिचं धुराडं छतातून वर. माझा जन्म शिडं शिवण्यात गेला, म्हणून मागची उघडी बैठक मी जाड कापडानं तंबूसारखी झाकून दिली, पुढे बघायला पारदर्शक झरोके ठेवून. बंदराची राखण करणारा एंडेल येऊन बघून गेला.

"ही होडी आहे का वाफेची सौना?" तो हसत म्हणाला. "मी उघडाच येऊन बसतो."

हवेसाठी तोइवोनं झाकणं असलेली दोन भोकं ठेवली होती, एक छतात, एक दाराच्या खाली. मला त्यानं हात धरून दाखवली. "शेगडी पेटलेली असताना ही उघडीच ठेवायची. थंडीनं कुडकुडलीस तरी बंद करायची नाहीत. त्या वायूला वास नसतो, आइता. माणूस नुसता झोपतो." त्याला सगळं माहीत होतं, हे मी मुद्दाम सांगतेय.

आमच्या हाप्सालूच्या बंदरातून सकाळी निघालो तेव्हा वारा बेताचा आणि पाणी शिशासारखं होतं. तंबूत बसून तोइवो नुसत्या सदऱ्यावर सुकाणू धरून होता आणि माझ्याकडे बघून मिशीत हसत होता. जेवणाच्या वेळेला मात्र धुकं आलं. आलं म्हणजे कसं, सांगू? पुढचं काही दिसेना, मग शीड दिसेना, मग माझ्या हातातली दोरी मनगटापुढे नाहीशीच झाली. वारा पडला. कुठल्याशा खडकाळ बेटाच्या आडोशाला आम्ही नांगर टाकला. त्या बेटाचं नाव काय, ते आजही मला ठाऊक नाही. नकाशात बघितलं, तर तिथे बेट असायला नको होतं. पण धुक्यात आमचंच काही चुकलं असेल.

आमच्याकडे त्या दिवसांत दुपारीच अंधारतं. आत येऊन शेगडी पेटवली, चहा ठेवला, राय धान्याच्या काळ्या पावाची लादी कापली. बुचाच्या भिंतींना ऊब लागली. बाहेर पाणी होडीला हळूच चाटत होतं, लप्... लप्... आणि आत इतकं सुखाचं वाटत होतं, की मी चुलत्यांच्या लग्नातली जुनी फजिती सांगायला लागले. तोइवो पोट धरून हसला.

"झाकण लावा ना... थंडी येतेय."

कोण म्हणालं? तोइवोच म्हणाला असणार, कारण मी उठले आणि दाराखालचं झाकण लावलं. त्यानं मला अडवलंही नाही. मला त्यात काही वावगं कसं वाटलं नाही, हेच आता समजत नाही.

पुढे गोष्टी चालू राहिल्या. पण बोलणं कुठे तुटतंय, कुठे जुळतंय, ते कळेना. मी एक वाक्य सुरू करायची आणि ते संपलेलं ऐकू यायचं, माझ्या तोंडून नव्हे. ओल्या लोकरीचा वास येत होता. आमचे मोजे तर कोरडे होते. चहा ओतताना मी तीन कप भरले. तोइवोनं तिसरा उचलून शेगडीजवळ ठेवला, कान पलीकडे करून, जसा पाहुण्याला देतात तसा.

"वरचंही लावा... फार थंडी येतेय..."

या वेळी तोइवो उठला. छताचं झाकण फिरवून घट्ट केलं. मी त्याला म्हणाले, "बरं केलंस." म्हणाले का? की नुसतं मनात आलं?

मग माझ्या लक्षात आलं, की तो बाकाच्या अगदी टोकाला अंग चोरून बसलाय. मीसुद्धा. मध्ये शेगडीसमोरची सगळी जागा आम्ही मोकळी सोडली होती.

कपाळात घण बसत होते. तोइवोचे गाल लालबुंद झाले होते आणि डोळे मिटत होते.

"तोइवो..."

"त्यांना जरा सरकायला सांग गं," तो पुटपुटला. "मला आडवं व्हायचंय..."

"कुणाला?"

त्याचं डोकं छातीवर पडलं.

तेव्हा मला त्याचे शब्द आठवले. माणूस नुसता झोपतो. मी उठले, तर पाय माझे नव्हतेच. रांगत दाराशी गेले. ते ढकललं, हलेना. पलीकडून नव्हे, आतूनच कुणीतरी ओढून धरल्यासारखं. आणि कानाशी, अगदी कानाशी, काकुळतीला आलेला आवाज: "नको ना... आत्ता कुठे ऊब आलीय..."

त्या आवाजात राग नव्हता हो. मला रडू आलं. एक क्षण वाटलं, खरंच, बिचाऱ्याला थंडी वाजेल, राहू दे.

मग तोइवो घोरल्यासारखा एक विचित्र आवाज काढून थांबला. मी किटली उचलली आणि खिडकीवर हाणली. काच फुटली, पण तिच्यामागे दुसरी होतीच. आमचीच करणी! गरम पाणी हातावर सांडलं ते कळलंही नाही. हाणत राहिले. दुसरी फुटली आणि गारठा सुरीसारखा आत आला. मी तोंड त्या भोकाला लावलं, पोटभर हवा घेतली, आणि पुन्हा दाराला हात घातला. ते पिसासारखं उघडलं.

तोइवोला काखेत धरून तंबूत ओढलं, माझीच शिवण माझ्याच हातानं टराटरा उसवली. गालफडात मारलं, मार्यूचं नाव घेऊन त्याला शिव्या घातल्या. शेवटी तो खोकला. धुकं विरल्यावर एका मासेमाराच्या बोटीनं आम्हाला ओढत नेलं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शेगडीचा वायू. माणसाला काय वाटेल ते दिसतं, ऐकू येतं. मी मान डोलावली. पटण्यासारखंच होतं. पण त्या बाहेर गेल्यावर तोइवो छताकडे बघत म्हणाला, "आइता, तू सारखी 'लावा, लावा' का म्हणत होतीस?"

"मी? तूच म्हणत होतास."

त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"मार्यू तर नव्हती ना..." मी कसंबसं म्हटलं.

"छे. तिला बंद खोलीत जीव घाबरायचा. दारं सताड उघडी टाकून झोपायची ती." मग हळूच म्हणाला, "मार्यू असती तर मी उठलोच नसतो तिथून."

त्यानंतर तो पाण्यावर गेला नाही. होडी एंडेलच्या आवारात इतर होड्यांच्या रांगेत चढवून ठेवली. शेगडी काढून आणली, ती माझ्या कोठारात पडलीय. धुराड्याचं भोक फळी ठोकून बंद केलं, फुटकी खिडकीही. बटाटे फेरीबोटीनं गेले.

परवा एंडेलचा फोन आला. इकडे आठवडाभर बर्फ पडतोय, तुम्ही बघताच आहात.

"आइताबाई," तो म्हणाला, "होडीत कुणाला राहायला दिलंय का तुम्ही?"

"नाही. का?"

"आवारातल्या सगळ्या होड्यांवर गुडघाभर बर्फ साठलाय. तुमच्या छतावर टिकतच नाही. वितळून थेंब थेंब गळतोय..."

मी विचारलं, "कुलूप उघडून बघितलंत?"

"बघितलं." त्याचा आवाज खाली आला. एंडेल उगीच घाबरणाऱ्यातला नाही. "आत कुणी नाही. पण बाकावर हात ठेवला, तर ऊब होती... माणूस नुकताच अंथरुणातून उठून गेल्यावर असते ना, तशी."