पाचवी सवाष्ण

तुम्ही या गल्लीत नवीन राहायला आलात, म्हणून सांगते. सरलाकाकू तो नवस बोलल्या तेव्हा त्या इथेच, अमेरिकेत, अ‍ॅशबर्नच्या आपल्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. कानाला फोन, गॅसवर दूध उतू चाललेलं, आणि लेक केया तिकडे आयर्लंडच्या दवाखान्यात तापाने फणफणलेली. काकूंनी गॅस बंद केला नाही, आधी डोळे मिटले. "आई जगदंबे, पोर धड घरी येऊ दे. पाच सवाष्णी जेवू घालीन, ओट्या भरीन."

पोर धड आली. देवी ऐकते हो, आपणच मागताना हात आखडता घेतो.

केयाचा जन्म इथला, पण नाद जुन्या मातीचा. तिचं पुरातत्त्वाचं काम आयर्लंडातल्या एका टेकडीवर; हजारो वर्षांपूर्वी लोक तिथे पूजेला जमायचे. आता वर नुसतं गवत आणि मेंढ्या. पण यंत्र धरून सरळ रेघांत चालत राहिलं, की जमिनीच्या पोटातली गोल रिंगणं, खांबांचे खड्डे असं सगळं स्क्रीनवर उमटतं. कुदळ लावायची नाही, नुसतं चालायचं. "अंगावर लोखंड अजिबात नको, आई," केया सांगायची. "साधी झिपसुद्धा चालत नाही. मशीन वेडं होतं."

बरी झाल्यावर ती उरलेलं काम संपवायला पुन्हा तिकडे निघाली. काकूंनी कुंकू लावलेल्या अक्षतांची पुडी तिच्या बॅगेत ठेवली. "कार्याचं पहिलं आमंत्रण देवीला. आपल्या कुलदेवीला गावी दिगंबरभाऊजी अक्षत ठेवतील. तू आजारी पडलीस तिथल्या देवीलाही ठेव. आणि तोंडाने म्हण, सहकुटुंब सहपरिवार यावं."

"ओके, आई. डन."

परत आल्यावर अक्षत कुठे ठेवलीस, हे मात्र काकूंनी विचारलं नाही.

माघातला शुक्रवार ठरला. पहाटेपासून बर्फ पडत होतं. शेजारच्या मीनाक्षीसकट गल्लीतल्या चौघी बूट आपटत पायीच आल्या. पाचवी सुचित्रा लांबून ड्राइव्ह करून येणार होती. पानं मांडायच्या वेळी तिचा मेसेज आला. रस्ता बंद.

"काकू, मलाच दोनदा वाढा," मीनाक्षी म्हणाली. "पुरणपोळ्या असल्या की मी एकटी दोन सवाष्णींना भारी आहे!"

सगळ्या हसल्या. काकूही हसल्या, पण नजर रिकाम्या पाटावर गेली. रविवारी केया पुन्हा त्याच टेकडीवर चालली होती. नवस अर्धवट ठेवून पोरीला तिथे कशी धाडायची?

आणि तेवढ्यात घरघर थांबली.

तुमच्याही कानात एव्हाना मुरली असेल ती. आजूबाजूच्या डेटा सेंटरांतल्या यंत्रांची घरघर रात्रंदिवस चालू असते, म्हणून ती कोणाला ऐकूच येत नाही. ती गेली तेव्हा काकूंना कळलं की ती होती. मग वास आला... ओल्या मातीचा, लोकरीचा, विझलेल्या जाळाचा.

मागच्या दाराशी एक बाई उभी होती. अंगावर राखाडी जाडंभरडं वस्त्र. पाय अनवाणी.

काकूंना वाटलं, मीनाक्षीची कोणी ओळखीची. मीनाक्षीला वाटलं, काकूंची. दारात आलेल्या बाईला कोण म्हणून विचारायचं नसतं. काकूंनी "या" म्हटलं आणि पाट दाखवला.

स्टीलचं ताट पुढे सरकवलं तसा तिने हात झटकन मागे घेतला, चटका बसल्यासारखा. काकूंनी ताट उचललं आणि नैवेद्यासाठी आणलेलं केळीचं पान मांडलं. मग ती जेवली. शीत न शीत वेचून, खूप दिवसांची उपाशी असल्यासारखी.

केया जिन्यावरून उतरली आणि मधल्याच पायरीवर थिजली.

"आई... तिच्या कपाळावर..."

काकूंनी तेव्हा नीट पाहिलं. कपाळावर कुंकू होतं. कुंकवाला तांदळाचे दाणे चिकटलेले होते.

"मी त्या अक्षता..." केयाने कठडा धरला. "टेकडीवरच्या रिंगणाच्या तोंडाशी ठेवल्या होत्या. मला दुसरी देवी... माहीत नव्हती."

काकूंनी एकदा केयाकडे पाहिलं. पण नवस तो नवस. त्यांनी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, काचेच्या बांगड्या. त्या बाईचा तळवा खोल खणलेल्या मातीसारखा गार होता. उठल्यावर जिन्यापाशी जाऊन तिने केयाच्या डोक्यावर हात ठेवला, अगदी माहेरवाशिणीच्या डोक्यावर ठेवतात तसा. मग मागच्या दाराने निघून गेली, आणि घरघर पुन्हा सुरू झाली.

बर्फावर पावलं उमटली होती का, ते कोणी पाहिलं नाही. बघायची छातीच झाली नाही.

"कोण होती हो?" बऱ्याच वेळाने मीनाक्षी म्हणाली. "जेवली मात्र मनापासून."

केया रविवारी गेली आणि सुखरूप परतली. पूर्वी तिला तिथे रात्र रात्र झोप लागत नसे, या खेपेला गाढ लागली म्हणे. बर्फ वितळल्यावर ती यंत्र घेऊन मागच्या हिरवळीवर चालली. आपली ही घरं कालची, माती ट्रकांनी आणून टाकलेली. स्क्रीनवर मात्र एक गोल रिंगण उमटलं. त्याला एकच तोंड, काकूंच्या स्वयंपाकघराकडे.

"पाइपलाइन असेल," शैलेंद्रकाका म्हणाले.

"पाइप असा गोल नसतो, बाबा."

उन्हाळ्यात ती पुन्हा चालली. त्या रिंगणाशेजारी लहान लहान रिंगणं होती, कुंपणापर्यंत. साऱ्यांची तोंडं घराकडे. दुसऱ्या पंगतीसाठी ताटकळत बसलेल्या माणसांसारखी.

"आई... मी पूर्ण वाक्य म्हटलं होतं. सहकुटुंब सहपरिवार."

काकूंनी वरच्या फळीवरचं मोठं पातेलं खाली काढलं. "मग डाळ जास्त भिजवायला हवी."

तेव्हापासून दर शुक्रवारी त्या मागच्या दारी पानं मांडतात. संध्याकाळी पानं लख्ख असतात. केयाला साधं पडसंही झालेलं नाही, आणि काकू समाधानात आहेत. माझं एवढंच ऐका. तुम्हीही शुक्रवारी मागच्या दारी एक पान मांडत जा. केळीचंच मांडा, स्टील नको. केया काल पुन्हा यंत्र घेऊन चालली होती, आणि काकूंचं कुंपण संपतं तिथे तुमचंच अंगण लागतं ना?