डावऱ्याचं जाळं

भिंगरीनं सकाळपासून बंदरावर इतक्या जणांना अडवून विचारलं होतं, की बर्फाच्या कारखान्यातला माणूस आता तिला लांबून बघूनच 'नाही, नाही' अशी मान हलवायला लागला.

जाळ्यांच्या शेडमधलं एकच जाळं गायब होतं, तिच्या बाबांचं. गेल्या वर्षी वादळात गेलेले बाबा परतलेच नाहीत. होडीची फळीसुद्धा हाती लागली नाही. दुरुस्तीसाठी काठावर राहिलेलं हे जाळं तेवढं उरलं. आई रोज मासळी विकून झाली की शेडमध्ये जाऊन, अजून बाबांचा वास येतो म्हणून, त्याला नाक लावून बसायची. आज तिथली रिकामी खुंटी बघून ती घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून पडली, ती जेवायलाही उठली नाही.

"रडत बसायचं की शोधायचं?" सुट्टीला आलेल्या मावसभावानं विचारलं. जाड चष्म्यामुळे सगळे त्याला प्रोफेसर म्हणत. गणितात मात्र तो काठावर पास होई.

"आधी खायचं," शेजारचा ढब्बू म्हणाला. भिंगरीनं नुसतं बघितलं, तसा तो मुकाट्यानं उठला.

शेडच्या दारात ओल्या निळ्या रंगाचे ठिपके प्रोफेसरलाच दिसले. ठिपक्यांच्या मागे मागे तिघं पोहोचली ती थेट जुन्या लिलावघरात. तिथे गावाच्या मासेमारीचं संग्रहालय होणार होतं आणि उद्घाटन उद्यावर आलं होतं. भिंती निळ्या झाल्या होत्या. आणि छताखाली, खांब मध्ये येतो म्हणून कापून दोन तुकडे केलेलं बाबांचं जाळं टांगलं होतं! खाली पाटी होती, 'शंभर वर्षांपूर्वीचं जाळं.'

भिंगरीनं लोंबता कोपरा हातात धरला, नाकाशी नेला आणि सोडून दिला.

संग्रहालयाचे अध्यक्षकाका तसे वाईट नव्हते, पण घाईत होते. रंगाऱ्यानं बेवारशी म्हणून आणून दिलं, आपण घेतलं, असं त्यांनी सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी नायलॉन कुठून आलं, असं प्रोफेसरनं विचारलं, तेव्हा ते म्हणाले की लहान मुलांनी फार फाटे फोडू नयेत. सगळी जाळी सारखीच दिसतात, हे तुमचंच कशावरून?

कशावरून ते भिंगरीला पक्कं ठाऊक होतं. ती सांगणारही होती, पण एकदम थांबली. तिनं गोड आवाजात विचारलं, "काका, उद्या लोकांना माहिती सांगायला आम्ही येऊ?" काका खूश झाले. त्यांना तसंही कोणी मिळत नव्हतं.

"वेड लागलं का तुला?" बाहेर आल्यावर ढब्बू म्हणाला.

"त्यांना मी सांगून पटणार नाही. बंदरच सांगेल त्यांना."

दुसऱ्या दिवशी दिवा लागला, टाळ्या झाल्या आणि सगळं बंदर आत शिरलं. भिंगरी स्टुलावर चढली.

"या जाळ्याची एक गंमत आहे. डोळे मिटा आणि गाठ चाचपून बघा."

म्हातारे तांडेल, म्हणजे सगळ्यात मोठ्या होडीचे प्रमुख, हसत पुढे आले. त्यांची बोटं एका गाठीवर फिरली, दुसरीवर गेली आणि तिथेच थांबली. हसूही थांबलं.

"उलटी बसलीय," ते म्हणाले. "डाव्या हाताची आहे."

एकेक जण पुढे होऊन गाठ चाचपत गेला आणि भिंगरीकडे बघत मागे सरत गेला. उभ्या बंदरात डाव्या हातानं जाळं विणणारा एकच माणूस होता. वर्षभर भिंगरीसमोर त्याचं नाव काढायचं सगळ्यांनी टाळलं होतं.

"डावऱ्या," मागून कोणीतरी हळूच म्हणालं. डोक्यावरच्या टोप्या खाली आल्या.

अध्यक्षकाका सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच शिडी लावून जाळं उतरवलं. "पोरी, आधी विचारायला हवं होतं मी," ते म्हणाले. तांडेलांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. भलेभले चुकले तिथे पोरांनी डोकं चालवलं, असं जो तो म्हणू लागला.

मग ढब्बू पळत जाऊन भिंगरीच्या आईला घेऊन आला. तिनं दोन्ही तुकडे छातीशी धरले आणि त्यांत तोंड खुपसलं.

"वहिनी, वास फार येत होता," काका चाचरत म्हणाले, "म्हणून पावडर घालून दोनदा धुऊन घेतलं."

आईनं तोंड वर केलं. वास गेल्याचं भिंगरीला कालच कळलं होतं, फक्त आईला सांगायचा धीर झाला नव्हता.

"त्यांचंच आहे," आई म्हणाली. "शोधलंस गं बाई." तिनं एक तुकडा खांद्यावर घेतला, दुसरा भिंगरीनं.

धक्क्याच्या वळणावर आई मासळीच्या एका रिकाम्या खोक्यावर बसली आणि वर्षात पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. भिंगरी तिला बिलगली. मागून कौतुक करत लोक येत होते. ते बघून ढब्बू आणि प्रोफेसर त्या दोघींसमोर खांद्याला खांदा लावून, पाठ करून उभे राहिले.