गॅलरीखालचे टेकू

गॅलरी पडली अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि दुपार व्हायच्या आत गुन्हेगारही ठरला. बेळगावच्या शहापुरातल्या त्या गल्लीत इतक्या तत्परतेने आजवर कोणतेच काम झाले नव्हते.

अदिती याळगी तिथे पोहोचली तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. बेळगावातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ती बांधकामशास्त्र शिकवत असे, आणि परिसरात काही कोसळले की पोलीस तिचे मत विचारीत. इमारत पडल्यावर तज्ज्ञ बोलावण्याची आपल्याकडे रीत आहे; आधी बोलावण्याची नाही. या रीतीवर तावातावाने बोलण्याचे दिवस तिने मागे टाकले होते. आता ती फक्त येत असे, पाहत असे, आणि थकून घरी जात असे.

"या मॅडम," उपनिरीक्षक राघवेंद्र हिरेमठ म्हणाले. "सोपी केस आहे. तुमची फक्त सही पाहिजे."

"सोपी असेल तर मीही लवकर सुटेन. सांगा."

घर गुणाबाईंचे. पूर्वी पुढच्या खोलीत माग होते. ते गेल्यावर खोली नुसतीच उरली. आता दर्शनी भिंत फोडून, दाराची चौकट काढून, वर मजला चढत होता आणि रस्त्याच्या अंगाला गॅलरी निघाली होती. काम हरिभाऊ चौगुले यांच्या कंपनीचे. गॅलरीचा स्लॅब टाकून आठवडाही झाला नव्हता. एका बाजूला भिंतीत रुतलेला आणि बाकी सगळा हवेत असलेला असा स्लॅब काही आठवडे टेकूंवरच ठेवायचा असतो. त्या सकाळी पाणी मारायला भरमू नावाचा कामगार वर गेला आणि गॅलरीसकट खाली आला. खाली एकही टेकू उरला नव्हता. भरमू रुग्णालयात बेशुद्ध होता.

"टेकू यल्लाप्पाचे," हिरेमठ म्हणाले. "स्लॅबखाली फळ्या-टेकू लावणारा सेंटरिंगवाला. वडगावच्या दुसऱ्या कामावर त्याला टेकू कमी पडत होते. अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी गावी जाताना इथले काढले. स्टेशनात बसवून ठेवलाय. भरमू गेला तर कलम बदलेल आणि यल्लाप्पा दहा वर्षं आत."

"काढलेले टेकू कुठे आहेत?"

"हे काय, भिंतीला."

"वडगावला हवे होते म्हणून काढले, आणि इथेच ठेवून गेला?"

हिरेमठांनी रुमालाने मान पुसली. "नोडी, बघा मॅडम, टेम्पो मिळाला नसेल."

अदितीने टेकू पाहिले. ते फेकलेले नव्हते. उंचीप्रमाणे, एकाला एक लावून भिंतीशी उभे केले होते. मग ती गॅलरीच्या तुटलेल्या मुळाशी गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. हवेत निघालेला स्लॅब वरच्या अंगाने ताणला जातो. म्हणून त्याच्या मुख्य सळया वर असाव्या लागतात. इथे त्या तळाशी होत्या. म्हणजे टेकू आता काढले काय किंवा महिन्याने काढले काय, गॅलरी पडणारच होती.

वाळूच्या ढिगामागे रिकाम्या पोत्यांखाली तिला वाकवलेल्या सळयांच्या छोट्या घोड्या सापडल्या. वरच्या सळया उचलून धरायला त्या काँक्रीटमध्ये कायमच्या गाडल्या जातात. यांच्यावर सिमेंटचा थेंबही नव्हता.

आणि एक कोहळा होता. शेजारच्या घराच्या खिडकीच्या गजाला, हात पुरेल तितक्या उंचावर, दुहेरी सुतळीने टांगलेला. त्याच्यावरचे हळदकुंकू ताजे होते.

समोरच्या कट्ट्यावर हरिभाऊ बसले होते. पांढरा सदरा, गुडघ्यावर हात. त्यांनी घरे बांधायला सुरुवात केली तेव्हा लोक आधी माणूस पाहत आणि मग नकाशा. आता आधी मोबाइल पाहतात. बंगळूरच्या कंपन्या चौरस फुटावर पॅकेज विकतात आणि त्यात देवघर मोफत असते. हरिभाऊंकडे उरली होती ती मोडतोडीची, वाढवण्याची, दुरुस्तीची कामे. म्हणजे जुनी घरे नव्या माणसांच्या मापाची करून देणे.

"काही सांगता का, हरिभाऊ?"

"मी काय सांगू, मॅडम? पोलिसांनी बघितलंय की."

त्यांच्या पुतण्याकडे, सौरवकडे, सांगण्यासारखे पुष्कळ होते.

"स्लॅब टाकताना साइटवर कोण होतं?"

"मी होतो. म्हणजे, ऑनलाइन. काकांचे गुडघे धरलेत, आणि त्या दिवशी सगळी कामं एकदम आली. आता सिस्टिम केलीय मॅडम. फोटो मागवायचा, ओके करायचं, कस्टमरलाबी ॲपवर दिसतंय." त्याने फोन पुढे केला. "बघा, सळी एक नंबर."

"हा वरून काढलाय."

"व्हय. सगळी सळी दिसतेय की."

"सळी दिसते. ती किती उंचावर आहे ते दिसत नाही."

सौरव फोटोकडे पाहत राहिला. अदिती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. त्याला खरोखरच कळले नव्हते.

"अमावास्येला कुठे होतास?"

"हुबळीला. बंगळूरच्या पार्टीबरोबर मीटिंग. फ्रँचायझी घेऊया म्हणतोय. काका ऐकत न्हाईत. चाळीस वर्षांत आपण घातलेलं काय फोडून परत घालायला लागलेलं न्हाय, त्यांचं ॲप घेऊन काय करू, म्हणतात."

"हा कोहळा इथे कोणी टांगला?"

"कसला कोहळा?" त्याने मान वर केली. "असलं मी बघतबी न्हाय, मॅडम."

गुणाबाई मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. हिरेमठ दारातच थांबले, अदिती आत जाऊन त्यांच्यासमोर बसली.

"आक्का, कोहळा तुम्ही बांधलात?"

"मीच. दर आवसेला नवा बांधते. आता चौकट काढलीया न्हवं, मग टेकूला बांधला. मधल्या."

"आवसेच्या आदल्या दिवशी?"

"आदल्या दिवशी कोण बांधतंय गं बाई? आवसेलाच, सकाळी न्हाऊन."

"म्हणजे आवसेला सकाळी टेकू जागेवर होते?" हिरेमठांनी विचारले.

"नसते तर काय वाऱ्याला बांधला असता, साहेब?"

 हिरेमठांची सोपी केस तिथेच संपली होती.

अमावास्येच्या दुपारी गुणाबाई कपिलेश्वराच्या देवळात गेल्या होत्या. संध्याकाळी मागच्या बोळातून घरात आल्या, पुढे फिरकल्याच नाहीत. नवा जिनाही बोळातच उघडत होता. आज सकाळी भरमू त्याच जिन्याने वर गेला.

"आपणहून गेला?"

गुणाबाईंनी पदराचे टोक मुठीत धरले.

"आक्का, तुम्हाला कोणी दोष देत नाही."

"म्या पाठवला." आवाज एकदम फुटला. "त्यो नगं म्हणत हुता. कामावरनं फोन आलता, उद्या पानी मारायचं न्हाय, वर पाऊलबी टाकायचं न्हाय, म्हनला. म्या म्हटलं, मुडद्या, ह्या उन्हात नवा स्लॅब कोरडा ठिवतात व्हय? तडं जातील. काम चुकवतोस, म्हटलं. लई बोलले त्याला. तवा गेला बिचारा."

"फोन कोणाचा होता?"

"इचारलं न्हाय गं. इचारलं असतं तर..."

अदिती बाहेर आली. "यल्लाप्पाला इथे आणा," ती हिरेमठांना म्हणाली.

यल्लाप्पा जीपमधून उतरला. आधी त्याने ढिगाऱ्याकडे पाहिले, मग हरिभाऊंकडे.

"अमावास्येला कुठे होता?"

"गावात, खानापूरकडं. आवसेला आमच्यात कोण हत्याराला हात लावत न्हाय, बाई. समदं गाव देवळात हुतं. साहेबास्नी सकाळपास्नं तेच सांगतोय."

"खोटं बोलणारे सगळे हेच सांगतात," हिरेमठ पुटपुटले.

"आणि खरं बोलणारेही," अदिती म्हणाली. ती कट्ट्यासमोर उभी राहिली. आवाज तिने चढवला नाही. "टेकू अमावास्येच्या दुपारी निघाले. बांधकामावर चिटपाखरू नव्हतं, घरमालकीण देवळात होती. ज्याने काढले त्याला टेकू नको होते. ते इथेच आहेत, शिस्तीत लावलेले. त्याला कोणाचा जीवही नको होता. त्याला गॅलरी पडायला हवी होती, आणि ती पडताना तिथे कोणी असायला नको होतं."

"कशासाठी?" सौरवने विचारले.

"कारण गॅलरी आधीच मेलेली होती. तुझ्या फोटोत सळ्या दिसतात. त्यांना उचलून धरणाऱ्या घोड्या पोत्याखाली तशाच पडल्या आहेत. तू ओके केलंस, मग काँक्रीट टाकताना माणसं सळ्यांवर चालली आणि सळ्या तळाला बसल्या."

सौरवने फोनवरचा फोटो पुन्हा मोठा करून पाहिला.

"हे ज्याला समजलं त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. घणाने स्लॅब फोडायचा, म्हणजे सगळ्या गल्लीदेखत चूक कबूल करायची. किंवा टेकू काढायचे. मग तो अपघात होतो. टेकू लवकर निघाले, इतकंच. आणि टेकू कोणाचे, हे सगळ्यांना ठाऊक असतं."

यल्लाप्पाने पाय बदलला.

"पण मधल्या टेकूला कोहळा होता. चोराने तो फेकला असता, वैऱ्याने लाथाडला असता. या माणसाने हातातलं काम थांबवून तो सोडवला, जमिनीवर ठेवला नाही, आणि शेजारच्या गजाला नीट बांधला. गॅलरी पाडायला आलेल्या माणसाला घराला दृष्ट लागू नये याची काळजी होती. सौरव कोहळ्याकडे पाहत नाही, आणि तो हुबळीत होता. यल्लाप्पा गावात. मग राहिला भरमूला आलेला फोन. त्या फोनशिवाय माझी शंका शंकाच राहिली असती. उन्हाळ्यात, आठवडाही न झालेल्या स्लॅबला उद्या पाणी मारू नको, असं बांधकामातला कोणी कधी सांगत नाही. ज्याला माहीत असतं की तो स्लॅब उद्या नसणार, तोच सांगतो. भरमूला असा हुकूम देऊ शकणारी माणसं दोन. त्यांतल्या एकाला घोड्या कशाला असतात हे मी आत्ता सांगेपर्यंत माहीत नव्हतं." ती वळली. "हरिभाऊ, घोड्या तुम्हाला कधी सापडल्या?"

हरिभाऊंनी उत्तर टाळले नाही. टाळण्याइतके बळ त्यांच्यात दिसत नव्हते.

"आवसेच्या आदल्या दिवशी. पोती उचलायला वाकलो, तर पोत्यांखाली त्याच."

"फोडला का नाहीत?"

"फोडला असता तर पोरगा कामातनं उठला असता. बंगळूरवाल्यांनी दारात येऊन फोटो काढले असते. चाळीस वर्षं, मॅडम. आपलंच काम फोडायला गड्यास्नी काय सांगायचं हेच मला ठाऊक न्हाय." ते थांबले. "टोकाकडनं एकेक टेकू काढला. वाटलं, पडेल. पडला न्हाय. लई वेळ बसलो हितंच, ह्याच कट्ट्यावर. परत टेकू लावायला एकट्याच्यानं होईना. मग भरमूला फोन केला. सकाळी माणसं घेऊन येतच होतो..."

"माणसं घेऊन संध्याकाळीही येता आलं असतं."

"आवसेला कोण येतंय?"

"भरमूच्या जिवासाठी? कोणीही आलं असतं. फक्त का ते सांगावं लागलं असतं."



"काका," सौरव म्हणाला, "मला का न्हाय सांगितलं? मी फोडला असता."

"तुला काम येतंय असं तुला वाटत हुतं. तेवढं तरी राहू दे म्हटलं."

यल्लाप्पा पुढे आला. इतका वेळ तो एकाच माणसाकडे पाहत होता.

"अण्णा, सकाळी गावास्नं आलो आन् मला हितनंच उचलला, तवा तुमी हितंच बसला हुता."

"मी तुझं नाव घेतलं न्हाय रं, यल्लाप्पा. देवाशपथ न्हाय घेतलं."

"घेतलं न्हाय. पर पोलिसांनी घेतल्यावर न्हाय म्हनलाबी न्हाय."

 हिरेमठांनी टोपी काढून पुन्हा घातली. सगळे उलगडले होते आणि त्याचा आनंद कोणालाच झाला नव्हता. अदितीला घरी जायचे होते. पण एक प्रश्न विचारायचा राहिला होता, आणि त्याचे उत्तर तिला बहुधा ठाऊक होते.

"सौरव, फोनवर बघून टाकलेला हा पहिलाच स्लॅब?"

सौरवने काकांकडे पाहिले. हरिभाऊंनी डोळे मिटले.

"अनगोळला," ते म्हणाले. "अशीच गॅलरी. हेच गडी, असलाच फोटो. टेकू काढून झालेत. माणसं राहायला आलीत. घोड्या सापडल्यापास्नं माझ्या डोळ्यापुढनं ते घर हलत न्हाय."

"आणि तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत."

"आज सांगणार हुतो."

हिरेमठ फोन काढून तिथला नंबर विचारू लागले. हरिभाऊंनी तो दोनदा चुकीचा सांगितला, तिसऱ्यांदा बरोबर. गॅलरीत कोणालाही जाऊ देऊ नका, खालीही उभे राहू नका, असे हिरेमठ पलीकडच्या कोणा बाईला कानडीत आणि मग मराठीत ओरडून सांगत होते. ती बाई विचारत होती, का.

"अण्णांचं म्हननं लिहून घ्या, साहेब," यल्लाप्पा म्हणाला. "माझं नाव खोडा. तवर मी हे टेकू अनगोळला लावायला टेम्पोत भरतो."

त्याने भिंतीजवळचा पहिला टेकू खांद्यावर घेतला. दुसरा सौरवने उचलला.