हुंगलेला हार

या, जरा जवळ सरकून बसा मायबाप. बुवा कीर्तनाला उभे राहायला अजून अवकाश आहे, तोवर एका माळणीची गोष्ट सांगून होईल.

चौतीस सालचा चैत्र. पंचवटीतल्या देवळात कीर्तन रंगलेलं, आणि देवाचा हार घेऊन उभा असलेला पुंजाराम माळी, वय अवघं सेहेचाळीस, साऱ्या सभेदेखत त्यातलं एकेक फूल नाकाशी नेत होता... आणि हसत होता. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, हे घरातल्या लेकीसुनांना त्यानंच शिकवलेलं.

गलका उठला, तशी त्याची बायको मालनबाई पुढे झाली. "त्यांचा दोष नाय. गुंफताना मीच हुंगला. बाटलेला हार देवाला जाऊ नये म्हणून त्यांनी तो सगळ्यांदेखत हुंगून दाखवला."

देवाचे हार गुंफायची एकोणीस वर्षांची तिची सेवा त्या घटकेला संपली. धाकटा दीर यादव तिला फुलांच्या टोपलीजवळ फिरकू देईना.

वर्ष गेलं. पुंजाराम दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाई. मालनची आई गेली, तेव्हा रडणाऱ्या बायकोला म्हणाला, "भाकरी टाक की." पण कुठल्या वाफ्यात काय लावलंय, हे बिनचूक सांगे. म्हणून यादव म्हणे, "सगळं ध्यानात राहतं, मग हे सोंग नाय तर काय?" आणि सोंग उघडं पाडायलाच त्यानं भावाला टांग्यात घालून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी दोनदा बोलावून तपासलं. म्हणाले, "आठवण शाबूत आहे, यादवराव. पण मेंदूचा जो भाग माणसाला लाज, माया, धरबंध देतो, तो झिजतोय. ऐन उमेदीतही जडतो हा आजार. औषध नाही. सांभाळणारं माणूस लागतं."

यादव घरी आला तो थेट चुलीपाशी. "वैनी, हार तुम्ही हुंगला नव्हता ना?"

मालन राख सारत राहिली. "नाय, भाऊजी."

"मग वरीसभर..."

"लोकांनी त्यांना पाखंडी म्हटलं असतं. माझं काय, मला कोण ओळखतं?"

यादवनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "उद्यापासनं हार तुम्हीच गुंफा."

"गुंफीन. पण त्यांच्याजवळ कोण बसंल? लय दमले मी, भाऊजी..." वर्षभरात स्वतःची तक्रार म्हणून ती एवढंच बोलली.

"मी बसतो."

दुसऱ्या दिवशी पुंजारामनं यादवच्या ताटातली भाकरी उचलली. यादवनं मुकाट्यानं कालवणाची वाटीही पुढे सरकवली. ओसरीवर मालन मोगऱ्याच्या ढिगाकडे कितीतरी वेळ नुसती बघत बसली... मग तिनं सुई ओवली.

तेव्हा मायबाप, कुणी भलत्या वेळी हसलं तर त्याला कीर्तनातून उठवू नका. शेजारी एखादी थकलेली बाई असेल, तिला आधी टेकायला जागा द्या... आणि आरतीला हात जोडाल, तेव्हा मालनबाईची एकदा आठवण करा.